अमेरिकन इतिहासाच्या शालेय वर्गाचें अनुबंधपत्र : एक परीक्षण

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभीं विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगाव्या, अशी आपल्याकडील जुनी शिस्त आहे. यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. ग्रंथांत काय आहे, तें कशासाठीं शिकावयाचें, ग्रंथाचें आणि विषयाचें नातें कोणतें, व तो कोणीं हातीं घ्यावा, हें आधीं कळल्यावांचून शहाणा विद्यार्थी अध्ययनास प्रवृत्त होत नाहीं, हें त्यामागील तत्त्व. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हायस्कुलांत वर्षाच्या आरंभीं शिक्षक आपल्या वर्गास एक कागद देतो आणि पुष्कळ ठिकाणीं त्यावर विद्यार्थ्याची व पालकाची सही घेतो. त्यास तेथें 'सिलॅबस' म्हणतात. वर्गांत काय शिकविलें जाईल, गुण कसे मिळतील, उशिरां दिलेल्या कामाचे किती गुण कापले जातील, गैरहजेरींत बुडालेली चांचणी केव्हां देतां येईल, दुसऱ्याचें लेखन आपलें म्हणून दिल्यास काय होईल, हें सर्व त्यांत असतें. हा त्या वर्गाचा अनुबंधच होय. इतिहासाच्या वर्गाचें असें पत्रक संशोधनाच्या त्रैमासिकांत परीक्षणास घ्यावें काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें अवश्य घ्यावें. संशोधकानें शोधून काढलेलें समाजाच्या पदरीं पडतें तें बहुतांशीं शाळेच्या वर्गांतून. आणि पुराव्याची चाड असलेला वाचक निपजतो कीं नाहीं, हें त्या वर्गाच्या नियमांवर पुष्कळ अवलंबून असतें.

अमेरिकेंत शिक्षण हा मध्यवर्ती सरकारच्या अखत्यारींतील विषय नाहीं. तो घटक राज्यांकडे व त्यांच्या खालीं स्थानिक शाळामंडळांकडे असतो. म्हणून एका शाळेचा कागद घेऊन साऱ्या देशाविषयीं बोलणें रास्त होणार नाहीं. परंतु एक आराखडा देशभर समान आहे. १९०० सालीं स्थापन झालेल्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' योजनेंत अमेरिकन इतिहासाचा जो अभ्यासक्रम आहे, त्याचा वर्ग चालविणाऱ्या शिक्षकास आपला सिलॅबस त्या संस्थेकडून मान्य करून घ्यावा लागतो, आणि वर्षअखेर मे महिन्यांत सर्वत्र एकाच धर्तीची परीक्षा होते. या आराखड्याचें परीक्षण केलें असतां अगणित वर्गांच्या नियमांचें परीक्षण आपोआप घडतें. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया इत्यादि राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेंही अशाच वर्गांत बसतात. तेव्हां आपल्या वाचकांसही तो सर्वस्वीं परका नाहीं.

प्रथम विषय. अभ्यासक्रम नऊ कालखंडांत विभागला आहे. पहिला १४९१ पासून १६०७ पर्यंत, आणि नववा १९८० पासून आजतागायत. कोलंबस १४९२ सालीं त्या बाजूच्या बेटांवर उतरला. त्याच्या आदल्या वर्षापासून आरंभ करण्यांत एक निर्णय आहे. युरोपियन लोक येण्यापूर्वींही त्या भूमीस इतिहास होता, हें त्या एका आंकड्यानें विद्यार्थ्यास सांगितलें जातें. दुसरा विशेष असा, कीं कालखंडांच्या सीमा एकमेकींवर चढविल्या आहेत. चौथा कालखंड १८४८ सालीं संपतो, पण पांचवा १८४४ पासूनच सुरू होतो. पांचवा १८७७ पर्यंत जातो, पण सहावा १८६५ पासून, म्हणजे यादवी युद्धाच्या अखेरीपासून, धरला आहे. कालखंड हे इतिहासकारानें सोयीसाठीं घातलेलें कुंपण आहे, घटना त्या कुंपणांत राहत नाहींत, ही गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या मुलास सनांच्या मांडणींतूनच कळावी, ही योजना आम्हांस मार्मिक वाटते. एक राजा जातांच एक काल संपवून दुसरा उघडणाऱ्या आपल्याकडील पुस्तकांनीं ती ध्यानांत घेण्याजोगी आहे. मात्र आरंभाच्या आंकड्यानें जें वचन दिलें, तें गुणांच्या वांटणींत पुरें पाळलें गेलें नाहीं. पहिल्या कालखंडाचा परीक्षेंतील वांटा अवघा ४ ते ६ टक्के आहे. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत प्रत्येकाचा १० ते १७ टक्के.

प्रयोजनाकडे वळलों म्हणजे अडचणीस आरंभ होतो; कारण प्रयोजनें दोन आहेत. परीक्षेचा निकाल १ ते ५ या श्रेणींत लागतो, आणि ३ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाल्यास पुष्कळ कॉलेजें आपापल्या नियमांप्रमाणें त्या विषयाचें श्रेय देतात. त्यामुळें कॉलेजांतील एक अभ्यासक्रम, व त्याचा खर्च, वांचण्याचा संभव असतो. हें झालें दृष्ट फल. दुसरें प्रयोजन असें, कीं विद्यार्थ्यानें इतिहासकाराप्रमाणें विचार करावयास शिकावें : साधन पारखावें, दोन घटनांचा कार्यकारणभाव लावावा, काय टिकलें व काय बदललें तें पाहावें. अभ्यासक्रमाच्या लेखांत या दुसऱ्या प्रयोजनास मानाचें स्थान आहे. पण मीमांसक सांगतात, कीं दृष्ट फल समोर असतां अदृष्टाची कल्पना करावयास कोणी जात नाहीं. विद्यार्थ्याची दृष्टि पहिल्याकडे लागणार हें उघड आहे. तेव्हां दुसरें साधावयाचें तर पहिल्याची वाटच अशी आंखली पाहिजे, कीं ती दुसऱ्यावरून गेल्याखेरीज पुरी होऊं नये.

कॉलेज बोर्डानें तसा प्रयत्न केला आहे, हें येथें मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. परीक्षेंत ५५ मिनिटांत सोडवावयाचे ५५ बहुपर्यायी प्रश्न आहेत. त्यांतही बहुतेक प्रश्न एखादा उतारा, चित्र किंवा नकाशा देऊन विचारलेले असतात. मग तीन लघु उत्तरें आणि एक मोठा निबंध. परंतु तिचें मर्म साधनाधिष्ठित प्रश्नांत आहे, व त्यास एकंदर गुणांपैकीं २५ टक्के दिले आहेत. या प्रश्नांत १७५४ ते १९८० या काळांतील एखादा वादाचा विषय घेऊन त्यासंबंधीं सात साधनें विद्यार्थ्यापुढें ठेवतात आणि त्यांच्या आधारें स्वतःचें प्रतिपादन लिहावयास सांगतात. हा प्रकार १९७३ पासून चालू आहे. त्यामागें जुनी परंपरा आहे. मेरी शेल्डन बार्न्स या विदुषीनें १८८५ सालीं मूळ उतारे देऊन त्यांवर विद्यार्थ्यास प्रश्न विचारणारें इतिहासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें होतें. आणि अमेरिकन इतिहास परिषदेनें नेमलेल्या सात जणांच्या समितीनें १८९९ च्या अहवालांत शालेय इतिहासाचा चार वर्षांचा क्रम सुचवितांना मूळ साधनांच्या वापराचा विचार केला होता. त्याच सुमारास, १८९८ सालीं, आपल्याकडे राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड बाहेर पडला, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. साधनांवांचून इतिहास नाहीं, हें दोन्हीकडे एकाच वेळीं उमगलें. फरक असा, कीं तेथें तें शाळेच्या वर्गांत गेलें; आपल्याकडे तें दप्तरखान्यांत व संशोधकांच्या मंडळांत राहिलें.

आतां या प्रश्नाची गुणांकनाची रीत पाहूं. एकूण गुण सात. प्रतिपाद्य विधानाला एक, पार्श्वभूमीला एक, पुराव्याला तीन, विवेचनाला दोन. पुराव्याच्या तिनांपैकीं दोन मिळविण्यास सातांपैकीं चार साधनांचा उपयोग आपल्या प्रतिपादनासाठीं करावा लागतो. तिसरा गुण साधनांबाहेरील माहितीचा. विवेचनाच्या दोहोंपैकीं एक गुण, किमान दोन साधनांविषयीं लेखकाचा दृष्टिकोण, हेतु, प्रसंग किंवा अभिप्रेत वाचक यांचा प्रतिपादनाशीं काय संबंध आहे तें सांगितल्यास मिळतो. यासाठीं एकंदर ६० मिनिटें असून त्यांतील १५ वाचनासाठीं सुचविलीं आहेत. पंधरा मिनिटांत सात साधनें, म्हणजे एका साधनास दोन मिनिटें.

आमचा पहिला आक्षेप वेळेवर नाहीं. परीक्षा म्हटली कीं घड्याळ आलेंच. आक्षेप असा, कीं जीं सात साधनें दिलीं जातात ते बहुधा तुकडे असतात. लेखकाचें नांव, लेखाचा प्रकार व साल वर छापलेलें असतें, हें खरें; पण त्यांपैकीं लांब लेखांच्या चार-सहा ओळीच विद्यार्थ्याच्या हातीं येतात. वाक्याचें तात्पर्य ठरविण्याचीं जीं सहा लिंगें आपल्या शास्त्रकारांनीं सांगितलीं, त्यांत पहिलें उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता हें आहे. लेखाचा आरंभ आणि शेवट पाहिल्यावांचून मधल्या वाक्याचें तात्पर्य सांगूं नये, हा नियम शास्त्रार्थाइतकाच जुन्या पत्रासही लागू आहे. मायन्याची रीत, मध्यें घातलेली विनवणी, शेवटची ताजा कलमाची ओळ, यांनीं पत्राचा अर्थ उलटा झाल्याचीं उदाहरणें आमच्या वाचकांस सांगावयास नकोत. तुकडा निवडणाऱ्या परीक्षकानें तात्पर्यनिर्णय आधींच करून ठेवलेला असतो. विद्यार्थ्यानें तो ओळखावयाचा, एवढेंच उरतें. दुसरें असें, कीं दिलेलें साधन अस्सल आहे, हें गृहीतच आहे. हा कागद खरा कशावरून, मूळ कीं नक्कल, हा संशोधकाचा पहिला प्रश्न. त्यास सात गुणांत जागा नाहीं. तिसरें असें, कीं प्रतिपाद्य विधान न केल्यास गुण जातो. पुरावा पुरेसा नाहीं म्हणून निर्णय राखून ठेवतों, असें एखाद्या प्रामाणिक मुलानें लिहिलें तर त्याचें काय होईल? न्यायशास्त्रांत संशय हा सोळा पदार्थांपैकीं एक आहे. या गुणपत्रिकेंत त्यास स्थान मिळालेलें नाहीं.

हें केवळ तर्कानें बोलत नाहीं; एक सुप्रसिद्ध उदाहरण घेऊं. ५ मार्च १७७० च्या रात्रीं बोस्टन शहरांत इंग्रज शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या. त्यांत पांच माणसें मेलीं. या प्रसंगाचें पॉल रिव्हिअर यानें खोदलेलें चित्र अमेरिकेंतील शाळकरी मुलांच्या अगदीं परिचयाचें आहे. त्यांत शिपाई एका रांगेंत उभे असून त्यांचा नायक तरवार उचलून हुकूम देत आहे, जमाव निःशस्त्र आहे, आणि मागील जकातघरावर खाटिकखाना अशा अर्थाची पाटी रंगविली आहे. चित्रकाराचा पक्ष कोणता हें दोन मिनिटांत कोणाही मुलास सांगतां येईल आणि त्याचा गुणही मिळेल. परंतु प्रकरण पुढें वाचीत गेलें म्हणजे तें खरें शिकवूं लागतें. नायक कॅप्टन प्रेस्टन यानें तुरुंगांतून बोस्टनच्या वृत्तपत्रांत तेथील सत्यप्रिय नागरिकांचे आभार मानणारें पत्र छापविलें. आणि त्याच सुमारास लंडनला पाठविलेल्या हकीकतींत त्याच नागरिकांच्या द्वेषबुद्धीविषयीं तक्रार केली. ती हकीकत छापली जाऊन बोस्टनला परत आली तेव्हां लोक संतापले. लेखक एक, प्रसंग एक, वाचक दोन. एकच तुकडा हातीं आलेल्या विद्यार्थ्यास यांतलें काय दिसणार? पुढें खटल्यांत शिपायांचें वकीलपत्र जॉन ॲडम्स यानें, म्हणजे स्वातंत्र्याच्या पक्षांतीलच पुढाऱ्यानें, घेतलें. प्रेस्टन सुटला, आठ शिपायांपैकीं सहा सुटले, दोघांस सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग देण्याची शिक्षा झाली. गोळी झाडण्याचा हुकूम कोणीं दिला, किंवा कोणीं दिलाच नाहीं, हा प्रश्न साक्षीदारांच्या परस्परविरोधी जबान्यांत गुंतलेला आहे. तेथें विद्यार्थ्यास थांबतां आलें पाहिजे.

याच चित्रावरून आमचा दुसरा आक्षेप मांडतां येतो. वर दिलेलें चित्र रिव्हिअरच्या कल्पनेचें नव्हे. तें हेन्री पेल्हम या चित्रकाराच्या कृतीवरून त्याच्या संमतीवांचून उतरविलेलें होतें, आणि पेल्हमनें २९ मार्च १७७० रोजीं रिव्हिअरला पत्र लिहून त्याची कडक शब्दांत झाडणी केली. म्हणजे वाङ्मयचौर्याचा नियम ज्या वर्गाच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेला असतो, त्याच वर्गांत शिकविलें जाणारें हें चित्र स्वतःच चौर्यकर्म आहे. हा नियम अशा कागदांत बहुधा दंडविधानाच्या भाषेंत असतो : प्रथम अपराधास शून्य गुण, पालकांस पत्र, पुन्हां घडल्यास वरिष्ठांकडे प्रकरण. २०२२ च्या अखेरीस लेखन करून देणारीं कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें सर्वांच्या हातीं आल्यापासून त्यांविषयींचीं कलमेंही ठिकठिकाणीं त्याच भाषेंत घातलीं जाऊं लागलीं. आधार सांगणें हा इतिहासाच्या धंद्याचा प्राण आहे. निराधार कांहीं लिहिणार नाहीं, अशी प्रतिज्ञा मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभीं केली, ती शिक्षेच्या भयानें नव्हे. वाचकास आपलें म्हणणें मुळाशीं ताडून पाहतां यावें म्हणून. हें कारण विद्यार्थ्यास सांगितलें नाहीं तर त्याच्या लेखीं टीप देणें हें उशिरां काम देऊं नये अशा नियमांच्या पंक्तीचें होतें.

आणि ज्या पाठ्यपुस्तकावर त्याचें वर्ष जातें, तें पुस्तक स्वतः काय करतें? शालेय इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत वाक्यागणिक आधार देण्याची रीत बहुधा नसते. जेम्स लोवेन या समाजशास्त्रज्ञानें अमेरिकन हायस्कुलांतील बारा पाठ्यपुस्तकें तपासून १९९५ सालीं 'लाइज माय टीचर टोल्ड मी' हा ग्रंथ लिहिला. त्याची एक मुख्य तक्रार अशी, कीं हीं पुस्तकें वाद आणि अनिश्चितता झांकून सर्व कांहीं ठरून गेलेलें सत्य म्हणून सांगतात. आप्तवाक्य प्रमाण मानावयाचें तर तो आप्त यथार्थ जाणणारा आहे कीं नाहीं हें पाहण्याची कांहीं सोय असावी लागते. विद्यार्थ्याकडून प्रत्येक विधानास आधार मागावयाचा आणि त्याच्या हातीं निराधार ग्रंथ द्यावयाचा, यांत गुरु एका हातानें शिकवितो तें दुसऱ्या हातानें पुसून टाकतो.

या उणीवेचा परिणाम वर्गापुरता राहत नाहीं. अमेरिकेंत शालेय इतिहासावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मोठे कलह झाले. राष्ट्रीय इतिहासमानकांचा मसुदा १९९४ सालीं येतांच लिन चेनी यांनीं त्यावर जाहीर टीका केली. कोणाचें नांव किती वेळां आलें याची मोजदाद झाली. आणि जानेवारी १९९५ मध्यें सिनेटनें ९९ विरुद्ध १ मतानें त्या मानकांविरुद्ध ठराव केला. प्रस्तुत अभ्यासक्रमाचा आराखडा २०१४ सालीं नव्यानें आला, तेव्हां तो देशाच्या दोषांवरच भर देतो असा ओरडा होऊन २०१५ सालीं तो सुधारण्यांत आला. कोलोरॅडो राज्यांतील जेफरसन परगण्याच्या शाळामंडळांत तर असा प्रस्ताव आला, कीं पाठ्यसाहित्य देशभक्ति व अधिकाऱ्यांविषयींचा आदर वाढविणारें असावें आणि त्यानें कायदेभंगास उत्तेजन देऊं नये. त्यावर सप्टेंबर २०१४ मध्यें शेंकडों विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले; पुढल्या वर्षीं मतदारांनीं त्या मंडळाच्या तीन सभासदांस परत बोलाविलें. या सर्व वादांत दोन्ही पक्षांची झुंज प्रामुख्यानें कोणास आंत घ्यावें व कोणास वगळावें यावर झाली. यादीवर तंटा होतो, कारण यादी मतांनीं बदलतां येते. पुरावा तपासण्याची रीत मतांनीं बदलत नाहीं. आणि ती ज्याच्या अंगवळणीं पडली, त्यास कोणत्याही पक्षाची यादी फारशी फसवूं शकत नाहीं. वर्गाच्या कागदावर त्या रीतीस भक्कम जागा हवी ती यासाठीं.

राहिला अधिकारी. जो परिश्रमास तयार आहे त्या प्रत्येकास हा वर्ग खुला असावा, असें कॉलेज बोर्डाचें धोरण आहे. आणि तें आम्हांस मान्य आहे. यावर कोणी म्हणेल, कीं मग इतक्या मुलांकडून संशोधकाच्या रीतीची अपेक्षा करणें अवास्तव आहे; एका शिक्षकाकडे शंभराहून अधिक मुलें, त्यांचे निबंध तपासावयाचे, मे महिना डोक्यावर. आम्ही जन्मभर शाळेंत शिकविलें आहे. निबंधांचे गठ्ठे म्हणजे काय तें आम्हांस ठाऊक आहे. म्हणून मागणें अल्पच करतों. अनुबंधपत्रांत तीन कलमें वाढवावीं. पहिलें : वर्षांतून एकदां प्रत्येकानें एक साधन आरंभापासून शेवटपर्यंत, तुकडा न करतां वाचून तें कोठून आलें, मूळ कोठें आहे, नकला किती, हें लिहावें. दुसरें : पाठ्यपुस्तकांतील कोणतेंही एक वाक्य घेऊन त्याचा आधार शोधावा, व न सांपडल्यास तसें नमूद करावें. तिसरें : पुरावा अपुरा असल्याचें सकारण दाखविणाऱ्या उत्तरास पूर्ण गुण द्यावे. वाङ्मयचौर्याचें कलम या तिहींच्या मागोमाग, त्याच्या कारणासह यावें. मग दंडाचें प्रमाण काय असावें तें शाळेनें ठरवावें. यांत शिक्षकाचा फार तर एक आठवडा जाईल.

हें परक्यास सांगतांना स्वगृहाकडे पाठ फिरवितां येत नाहीं. महाराष्ट्र राज्यांत २०१८ सालीं आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाचा पहिला धडाच इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे, दुसरा भारतीय परंपरेवर. व्हॉल्टेअर, रांके, फुको यांचीं नांवें आमच्या मुलांपुढें आलीं, हें स्तुत्य पाऊल होय. पण धड्याखालील स्वाध्यायांत योग्य पर्याय निवडून विधान पूर्ण करावयाचें असतें. म्हणजे मूळ साधनांचा आग्रह धरणाऱ्या रांकेचें नांव मूळ साधन न पाहतां पाठ होतें. अमेरिकन वर्ग मुलास सात तुकडे तरी देतो. आपला वर्ग एकही देत नाहीं. छापलेल्या साधनग्रंथांचीं कपाटें आपल्याकडे भरलेलीं आहेत. त्यांतील एक अखंड पत्र, मायन्यापासून मोर्तबापर्यंत, दरवर्षीं दहावीच्या प्रत्येक वर्गाच्या हातीं पडेल, अशी व्यवस्था संशोधकांनीं व शिक्षकांनीं एकत्र बसून करावी. पहिल्या वर्षासाठीं पत्र निवडून त्यावर सोप्या टीपा लिहिण्याचें काम पत्करण्यास आमच्यासारखे निवृत्त शिक्षक पुष्कळ मिळतील.